हिंडतेफिरते असण्याचे माप

आपल्या घरांतून आजाऱ्याच्या प्रकृतीविषयी बोलताना एक शब्द फार कामी येतो. कोणी विचारपूस केली, की ओसरीवरून उत्तर जाते, "ठीक आहे, हिंडत्याफिरत्या आहेत." एवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्यावरचा भारही उतरतो. दूध आपण मापून घेतो, धान्य तोलून घेतो. आमच्या सणसरच्या शिवारात तर नीरा डाव्या कालव्याची पाळी कोणाकडे किती तास राहिली, यावरून सख्ख्या भावांत जुंपते. मात्र घरातील माणूस दिवसाकाठी किती हिंडले आणि कोठवर फिरले, याचे माप कोणी ठेवलेले आमच्या पाहण्यात नव्हते. ते ठेवणे किती अगत्याचे आहे, आणि सरळ दिसणारे हे काम किती नाजूक आहे, हे गेल्या दीड वर्षात आमच्या घरी जे अनुभवास आले त्यावरून वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा आहे; म्हणून प्रथम त्याविषयी दोन शब्द. संस्कृतात ज्यांना वृक्क म्हणतात, ती ही दोन मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस असतात. आकार मुठीएवढा, परंतु प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असून दोहोंत मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडतो आणि बाकीचा शरीर परत घेते. गाळण्याचा हा वेग मिनिटास ६० मिलिलिटरांच्या खाली जाऊन ३ महिन्यांहून अधिक काळ तेथेच राहिला, अथवा मूत्रातून प्रथिने जाण्यासारखी हानीची खूण तितका काळ टिकली, म्हणजे विकार जुनाट झाला असे वैद्यक मानते. त्याच्या ५ पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. पाचवीवर वेग १५ च्या खाली उतरतो, आणि मग पुष्कळांना डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो.

या रोगाचा स्वभाव मुका आहे. निम्म्याहून अधिक शक्ती जाईपर्यंत रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे. रोग वाढला, की रक्ताच्या तांबड्या पेशी घडविण्यास चालना देणारे जे द्रव्य मूत्रपिंडात तयार होते ते कमी पडते आणि पांडुता येते. रक्तातील आम्लता वाढून स्नायू झिजतात. अन्नावरची वासना उडते. थकवा येतो म्हणून माणूस बसते, आणि बसते म्हणून स्नायू आणखी झिजून थकवा वाढतो. शिवाय या रोग्यांना हृदयविकाराचे भय इतरांहून पुष्कळ अधिक असते, आणि हृदयाला तर चालण्यासारखे पथ्य नाही. तेव्हा 'तुम्ही किती हालचाल करता?' हा डॉक्टरांचा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नसतो. रक्तातील क्रिएटिनीनच्या आकड्याइतकाच तो महत्त्वाचा असतो.

आमच्या थोरल्या वहिनींचे वय आज ७१ आहे. त्या या घरात आल्या तेव्हा आम्ही ओसरीवर बसून संस्कृतची रूपे घोकत होतो. आडाचे पाणी शेंदणे, सोवळ्यातला स्वयंपाक, श्रावणातल्या पंगती, सासूबाईंचे दीर्घ आजारपण, हे सर्व त्यांनी केले. आणि आमच्यासारख्या धाकट्या दिरांना वेळेवर ताक-भात वाढून शाळेतही धाडले. त्यांचा मधुमेह वीस वर्षांचा. डायलिसिस सुरू होऊन आता पावणेतीन वर्षे झाली. मंगळवार, गुरुवार व शनिवार, असे आठवड्यातून ३ दिवस बारामतीस जावयाचे आणि प्रत्येक वेळी ४ तास यंत्राशी जखडून पडावयाचे. पालखीचा जो एक दिवसाचा पल्ला, तेवढा रस्ता जाताना आणि तेवढाच येताना.

अशाच एका फेरीत डॉक्टरांनी तो प्रश्न केला. वहिनी म्हणाल्या, "मी काय करणार? बसूनच असते." पुतण्या म्हणाला, "दिवसभर काही ना काही चालू असते, ऐकतच नाही." सूनबाई म्हणाल्या, "आम्ही त्यांना काडी इकडची तिकडे करू देत नाही." आणि आमचे दादा म्हणाले, "रोज देवळात जाते की." डॉक्टर हसून म्हणाले, "ही चार माणसांची माहिती झाली. आजींची कोठे आहे?"

मग एक छापील प्रश्नावली पुढे आली. जगभर वापरात असलेल्या या प्रश्नावलीत गेल्या ७ दिवसांचा हिशेब मागतात: जोराचे काम किती दिवस व किती मिनिटे, मध्यम काम किती, चालणे किती आणि बसणे किती. अट अशी, की सलग १० मिनिटे केलेलेच काम जमेस धरावयाचे. आता आपल्या स्वयंपाकघरात सलग १० मिनिटे एकच काम कोणत्या स्त्रीने कधी केले आहे? दूध उतू जाते म्हणून उठावयाचे, कुकरची शिटी झाली म्हणून वळावयाचे, दारावर भाजीवाला आला म्हणून जावयाचे. सारा दिवस अशा तुकड्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आपल्या मार्गदर्शनातून ही १० मिनिटांची अट काढून टाकली आणि थोडी थोडी हालचालही हिताची असल्याचे सांगितले, हे योग्यच झाले. परंतु दुसरी अडचण उरतेच. भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७, असे आढळले. वहिनींच्या पिढीने या मिनिटांना 'काम' हे नावच कधी दिले नाही. जे काम म्हणून मोजले नाही, ते प्रश्नावलीत आठवणार कोठून?

तिसरी अडचण 'जोराचे' आणि 'मध्यम' या शब्दांतच आहे. शास्त्रज्ञांनी श्रमाचे एक एकक ठरविले आहे. स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनास दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरते. ते १ एकक. सपाटीवरून साधे चालणे सुमारे ३ एककांचे. धडधाकट माणसाला हे हलके वाटते, कारण त्याची शिकस्त आठ-दहाची असते. ज्याची शिकस्तच चार-पाचवर आली, त्याला तेच चालणे चढ चढल्यासारखे होते. म्हणजे कागदावर 'हलके' लिहिलेले काम त्याच्या देहाला जड असते, आणि आकडा मात्र दोघांच्या नावावर सारखाच पडतो.

या अडचणीतून वाट काढणारी एक यादी अमेरिकेत तयार झालेली आहे. तिच्यात ९४ कृती सोप्याकडून अवघडाकडे लावल्या असून प्रत्येकीपुढे तीनच उत्तरे असतात: 'अजून करतो', 'करणे सोडले' आणि 'कधी केलीच नाही'. अजून होणारी सर्वांत अवघड कृती कितव्या क्रमांकाची, हे पाहून त्या क्रमांकातून तिच्या खालच्या 'सोडले' या उत्तरांची संख्या वजा करावयाची. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठीही ही यादी वापरली जाते. मिनिटे आठवण्याचे कष्ट तीत नाहीत. आणि काय सुटले ते माणसाला बरोबर आठवते.

ती यादी अमेरिकन गृहस्थजीवनावर बेतलेली असल्याने आम्ही तिच्या धर्तीवर घरगुती ४० कृतींची एक यादी केली. पाटावरून हात न टेकता उठणे, देवाची उपकरणी घासणे, तुळशीला पाणी घालून प्रदक्षिणा करणे, कणीक तिंबणे, माळ्यावरची बरणी काढणे, ओल्या लुगड्याचा पिळा वाळत घालणे, कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन येणे, अशा त्या कृती. शास्त्रीय मापन म्हणून तिला किंमत नाही. घरच्यांना दिसावे एवढ्यापुरतीच ती. एका दुपारी वहिनींपुढे बसून ती भरली. 'सोडले' अशी १७ उत्तरे आली, आणि त्यांपैकी ११ कृती एका वर्षाच्या आत सुटलेल्या होत्या. बरणी काढणे सुटले, कारण सूनबाई उंच आहेत. तुळशीचे पाणी सुटले, कारण नातीला हौस आहे. लुगडे वाळत घालणे सुटले, कारण यंत्रच कपडे पिळून देते. प्रत्येक कारण खरे होते आणि प्रत्येकात माया होती. वैद्याने वा घरच्यांनी ठपका ठेवावा असे एकही नव्हते. तथापि ती ११ कारणे एकाखाली एक लिहिली तेव्हा सगळे गप्प झाले. हा रोग एका दिवसात माणसाला खाटेवर टाकीत नाही; एकेक काम सुटत जाते, दर वेळी सबळ कारण मिळते, आणि मुक्या रोगाची ही चाल कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्यानंतर यंत्राची पाळी. पावले मोजण्याचे यंत्र जपानात १९६५ साली विक्रीस आले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे माप' अशा अर्थाचे होते. आज ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला १०,००० चा आकडा मुळात त्या नावातून आला. तो कोणा वैद्याने ठरवून दिलेला नव्हे. हल्लीच्या यंत्रात तिन्ही दिशांचे हेलकावे टिपणारी एक बारीक योजना असते. कमरेला लावले तर ते चालणे बरे मोजते, पण पोळ्या लाटणाऱ्या हातांची त्यास वार्ता नसते. मनगटावर बांधले तर टाळ वाजविणेही चालण्यात जमा होण्याचा संभव. पाय घासत सावकाश चालणाऱ्या वृद्धाची कित्येक पावले गळतात. आणि डायलिसिसच्या रोग्याविषयी एक सूचना कधीही विसरू नये: ज्या हातात रक्तवाहिन्या जोडून फिस्च्युला केलेला असतो, त्या हाताला घड्याळ, पट्टा, घट्ट बांगडी, काहीही बांधू नये. वहिनींचा तो हात डावा. म्हणून यंत्र उजव्या मनगटावर बांधले. डायलिसिसचे आणि मोकळे असे दोन्ही प्रकारचे दिवस यावेत म्हणून ते पुरते ७ दिवस ठेवले. तुलनेसाठी एक आम्हीही बांधले.

चाळीस वर्षे हजेरीपटाशी सहवास घडल्यामुळे रकाने आखणे आम्हांस जड गेले नाही. सात दिवसांचा हिशेब असा निघाला: डायलिसिसच्या ३ दिवसांची वहिनींची सरासरी ८४० पावले, उरलेल्या ४ दिवसांची २,१००. त्याच घरात, तोच उंबरठा ओलांडणारे आम्ही ६,३०० वर होतो. परंतु खरा चमत्कार तासवार आकड्यांत होता. मोकळ्या दिवसांच्या पावलांपैकी निम्म्याहून अधिक पहाटे पाच ते साडेसहाच्या दरम्यान पडलेली! सूनबाई उठण्यापूर्वी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसत होत्या, दूध तापवीत होत्या, देवाची उपकरणी घाशीत होत्या, आणि घर जागे झाले की पुन्हा खाटेवर येऊन बसत होत्या. सूनबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. वहिनी यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मेले घड्याळ चहाडखोर आहे." मग जरा वेळाने म्हणाल्या, "भाऊजी, घरात माझे म्हणून काहीतरी हातात असू द्या हो."

हे ऐकून आमच्या मनात जे आले ते आकड्यात मावणारे नाही. डॉक्टरांना मात्र ते वहीतून कळले. त्यांनी सूनबाईंना सांगितले, की पहाटेची ती कामे आजींचीच राहू द्यावीत, फक्त उजेडात आणि कोणी जागे असताना व्हावीत. आणि तुळशीचे पाणी नातीकडून परत आजींकडे यावे.

या उपदेशाला आधार आहे. अमेरिकेत २००० साली डायलिसिसचे रोगी आणि मुद्दाम निवडलेले बैठ्या सवयीचे निरोगी लोक, अशा दोहोंच्या अंगावर यंत्रे बांधून तुलना करण्यात आली. तेव्हा रोग्यांची हालचाल त्या बैठ्या लोकांपेक्षाही पुष्कळ कमी भरली. इटलीत डायलिसिसच्या रोग्यांना घरच्या घरी चालण्याचा साधा कार्यक्रम ६ महिने देण्यात आला. त्याचा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. ६ मिनिटांत तोडावयाचे त्यांचे अंतर सरासरी ३२८ मीटरांवरून ३६७ मीटरांवर गेले. मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मंडळाने २०२४ साली सांगितले आहे, की अशा रोग्याने आठवड्यातून १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, अथवा हृदयाला व अंगाला सोसवेल तितके करावेत. या वाक्यातील 'सोसवेल तितके' हे शब्द आम्हांस मोलाचे वाटतात.

सोसवते किती, हे ओळखण्याची खूण आपल्या सुश्रुताचार्यांनी पूर्वीच सांगून ठेवली आहे. व्यायाम अर्ध्या बळाने करावा. आणि हृदयातील वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बळ सरले असे समजावे, असा त्यांचा आशय आहे. प्रमेहाच्या निर्धन रोग्याला तर त्यांनी अनवाणी शंभर योजने चालण्यास अथवा विहीर खणण्यास सांगितले आहे! आजचे डॉक्टर म्हणतात, चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. वहिनी अंगणात नामस्मरण करीत फेऱ्या घालतात. नाम तुटू लागले की थांबतात. यंत्रावाचूनचे हे माप त्यांना चांगले साधले आहे. वर्षातून दोनदा रुग्णालयाच्या ओवरीत ६ मिनिटांची चाचणी होते. प्रथम २१२ मीटर भरले होते, ६ महिन्यांनी २४८.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. यंत्र पावले मोजते. ती कोणत्या परिस्थितीत पडली हे त्यास कळत नाही. आमच्या गावालगत भवानीनगरचा साखर कारखाना आहे. गळिताच्या हंगामात परजिल्ह्यांतून आलेली ऊसतोडीची जोडपी पहाटेच्या अंधारापासून फडात राबतात; त्यांच्या मनगटावर यंत्र बांधले तर ते आमच्यासारख्याला लाजवील. परंतु मध्य अमेरिकेत नेमक्या ऊसतोड मजुरांत, मधुमेह वा रक्तदाब नसताना, मूत्रपिंडे निकामी होण्याचा विकार या शतकाच्या आरंभापासून नजरेस आला आहे. आणि उन्हातले अतिश्रम व पुरेशा पाण्याचा अभाव ही त्याची मुख्य कारणे असावीत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणून तेथे सावली, विसावा आणि पाणी यांची योजना काही फडांवर सुरू झाली. तात्पर्य, हालचाल औषध असली तरी औषधाला मात्रा असते. छातीत दुखणे, दम लागणे, पायांवर सूज चढणे, डायलिसिसची पाळी चुकणे, यांपैकी काही असेल तर त्या दिवशी चालण्याचा हट्ट धरू नये. आणि पाणी किती प्यावे हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे, कारण डायलिसिसच्या रोग्याला जास्त पाणीही बाधते.

सणसर हे श्रीतुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. बारामतीहून निघालेली पालखी काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण पाहून सायंकाळी येथे येते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीस पहिले गोल रिंगण होते. डायलिसिस सुरू झाल्यापासून वहिनींनी पालखीतळ पाहिला नव्हता. गेल्या आषाढाच्या आधी त्यांनी आपण होऊन विचारले, "तळ माझ्या पावलांनी किती?" पुतण्याने मोजून सांगितले, १,१००. तीन महिने अंगणातल्या फेऱ्या त्या हिशेबाने वाढविल्या. मुक्कामाचा दिवस सुदैवाने मोकळा होता. वाटेत दोनदा बसून त्या तळावर पोहोचल्या, दर्शन घेतले, आणि ठरल्याप्रमाणे रिक्षातून परत आल्या. त्या दिवशीचा आकडा ३,४२०. दुसऱ्या दिवशी बारामतीस जाऊन आल्यावर ६१०. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी आहेत. डॉक्टरांनी दुसराच आधी पाहिला आणि पुढच्या वेळी आदल्या दिवशी पूर्ण विसावा घेण्यास सांगितले. पण जाऊ नका असे म्हटले नाही.

ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांना आमची विनंती एवढीच. महिन्यातून एक आठवडा माप घ्यावे. रोज आकड्याचा धाक घालू नये. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ फार थोडा. दोन महिन्यांच्या आकड्यांत जो उतार दिसतो तो डॉक्टरांपुढे ठेवावा. आकडा कमी आला म्हणून रोग्यास दटावू नये, आणि जास्त आला म्हणून चारचौघांत मिरवूही नये. रोग्याच्या हातून एखादे काम काढून घेण्यापूर्वी ते त्याला जड झाले आहे, की आपल्यालाच त्याचे करणे पाहवत नाही, हे एकदा त्यालाच विचारावे.

आमची वही आता नातीकडे गेली आहे. पट्टीने रकाने ती आमच्यापेक्षा नीट आखते. वहिनींच्या आग्रहावरून तिने पावलांच्या शेजारी आणखी एक रकाना वाढविला आहे: 'काय केले'. परवाच्या तारखेपुढे तीत लिहिले आहे, 'तुळस. उपकरणी. आजोबांच्या सदऱ्याचे बटण.' त्या बटणाचे एकही पाऊल यंत्रात पडलेले नाही.